आधी साडी उलगड

बाळा, अनेक आशीर्वाद.

जुन्या साड्यांतून नवे कपडे करण्यासाठी काढलेली तुझी रेखाटनं पाहिली. हात छान आहे. पण तो घेरदार ड्रेस ज्यातून कापायचा ते कापडच अजून तुझ्याकडे नाही. नवा तागा आणून काम करणाऱ्यांचं असं भागतं, आपलं नाही. आधी माल हातात यावा, मग पेन्सिल.

जुनी साडी सगळीकडे सारखी झिजत नाही. खालचा काठ पायाशी घासून विरतो, बसण्याच्या जागी कापड पातळ होतं. पदर आणि आत खोचलेलं टोक मात्र बहुधा धड असतं. साडी उजेडासमोर धर आणि जाळी दिसेल तिथे खडूने खूण कर. रेशमी असेल तर घड्या तपास. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं रेशीम नेमकं तिथेच चिरतं. वरून चांगलं दिसतं, शिवणीवर ताण आला की जातं. त्याचा अंगाबरोबर बसणारा ब्लाउज शिवू नकोस. मागे मलमल लावून जवळजवळ धावदोरे घाल, सैल जॅकेट होईल. गोधडी टिकते ती याच युक्तीवर: विरलेले थर एकावर एक, आणि ताण शेकडो टाक्यांत वाटलेला. हल्ली गोधडीचं नक्षीकाम तेवढं उचलतात, ही युक्ती कुणी उचलत नाही.

धागा कसला ते दुकानदाराला विचारू नकोस. कडेचे दोन धागे काढून जाळ. सुताला कागद जळल्याचा वास येतो, रेशमाला केसांचा. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. सूत-पॉलिस्टर मिसळलेलं असेल तर ते पुढे वेगळं करणं फार अवघड, तेव्हा त्यातून अशीच वस्तू कर जी बरीच वर्षं वापरात राहील.

‘सरळ रिसायकलिंगला का देऊ नये?’ असं तू विचारलंस. पानिपतला जुने लोकरी कपडे रंगांप्रमाणे निवडतात, फाडून पिंजतात, पुन्हा सूत कातून त्याची ब्लँकेटं विणतात. मोठं काम आहे ते. पण पिंजताना तंतू तुटून आखूड होतात, सूत कमजोर होतं. विणलेलं कापड शाबूत आहे तोवर कापडच राहू दे. चिंध्या उरल्या की मग पिंजणं.

दहा कुडते एकसारखे कसे करायचे? रंग जुळवायच्या नादी लागू नकोस, कट एकच ठेव. खांदा आणि बाह्या एकाच साध्या सुती कापडाच्या, पुढचा-मागचा भाग साडीचा. मापं सांभाळली जातात आणि जिथे जास्त ताण तिथे मजबूत कापड येतं. विकताना मात्र त्याच नगाचा फोटो दाखव, नमुन्याचा नको.

मालासाठी बोहारणींकडे जा. भांड्यांवर कपडे घेणाऱ्या या बायका कापडाला नुसता हात लावून सांगतात किती दिवस निघतील ते. शिकवण्याच्या थाटात जाऊ नकोस, शेजारी बसून बघ. आणि पर्यावरणाचं नाव सांगून त्यांचा भाव पाडू नकोस, मला त्याची फार चीड आहे.

राहिला हिशेब. कापड स्वस्तात मिळालं म्हणून कपडा स्वस्त पडत नाही. निवडणं, धुणं, उसवणं, रंग जातो का ते ओल्या पांढऱ्या फडक्याने पाहणं, रफू, हे सगळे तास मांड. रफूवाल्याची मजुरी वेगळ्या ओळीत लिही आणि ती ओळ गिऱ्हाइकालाही दाखव.