पिक्चर संपल्यावर नावं संपेपर्यंत थांबावं, की शेवटची एसटी गाठावी?

तुम्ही कोरेगावहून साताऱ्याला पिक्चरला येता. सुपरहिरोंच्या पिक्चरमध्ये नावं पडल्यावर जो तुकडा दाखवतात त्यासाठी थांबलं की शेवटची गाडी जाते, मग थांबावं का? आणि उन्हाळ्यातले हे मोठे इंग्रजी पिक्चर आपल्याकडे नक्की कुठल्या वारी लागतात, पहिल्याच दिवशी यावं का? असे तुमचे दोन प्रश्न. ते एकमेकांत अडकलेत म्हणून उत्तर एकच देतो: नावांच्या मधल्या तुकड्यापर्यंत थांबा, नावं संपल्यावरच्या शेवटच्या तुकड्यासाठी गाडी सोडू नका, आणि दोन्ही बघायचेच असतील तर शुक्रवारी संध्याकाळी येऊ नका.

गाडीचं दुखणं आमच्या घरात जुनं आहे. साताऱ्यात पाहिलेल्या एकाही पिक्चरचा शेवट वडिलांना धड सांगता येत नाही. सहाचा खेळ असायचा आणि गावची मुक्कामी गाडी नऊला. शेवटची मारामारी सुरू झाली की ते अंधारात पायानं चपला शोधायला लागायचे. "व्हिलन मरणार हे ठरलेलंच हाय, मग बसून काय करायचं?" त्या काळी पिक्चर संपल्यावर राष्ट्रगीत लागायचं. बासष्टच्या चीन युद्धानंतर ही पद्धत रुळली, पण लोक ते सुरू व्हायच्या आत दाराकडे पळायचे, म्हणून पुढे ती मोडली. २००३ पासून महाराष्ट्रात राष्ट्रगीत पिक्चरच्या आधी लागतं, तेव्हा सगळे जागेवर असतात. नावांना मात्र असं कुणी वाली भेटलं नाही. जुन्या हिंदी-मराठी पिक्चरची नावं सुरुवातीलाच पडून जायची आणि शेवटी नुसतं 'समाप्त'. त्यामुळे शेवटी बसून नावं वाचायची सवय आपल्या तीन पिढ्यांना कधी लागलीच नाही. पहिलं नाव वर आलं की खुर्च्यांची खटाखट सुरू.

नावांनंतरच्या तुकड्यांची ही शेपटं तिकडे अमेरिकेत आधी गंमत म्हणून लावत. १९८६ सालच्या 'फेरिस ब्यूलर्स डे ऑफ'मध्ये नावं संपल्यावर हिरो अंगावर न्हाणीचा झगा घालून येतो आणि विचारतो, तुम्ही अजून इथंच? संपलं, घरी जा. २००८ च्या 'आयर्न मॅन'नं त्या गमतीचा धंदा केला. शेवटी एका डोळ्यावर पट्टी बांधलेला, हेरखात्याचा प्रमुख निक फ्युरी येतो आणि हिरोला सांगतो की तुझ्यासारखे अजून आहेत. तेव्हापासून ती पुढच्या पिक्चरची जाहिरातच झाली, फक्त बघायचे पैसे आपण भरायचे. आपल्याकडेही आता ते लोण आलंय. 'केजीएफ २'च्या शेवटी आहे, 'टायगर ३'च्या शेवटी हृतिक येऊन जातो.

आता मधला आणि शेवटचा यातला फरक, कारण तुमच्या एसटीचा सगळा हिशेब त्यावरच आहे. आधी सजवलेली नावं येतात: चित्रं, रंग, वाजतं संगीत, मोठे नट, दिग्दर्शक. ही दोन-तीन मिनिटांत संपतात आणि पहिला तुकडा तिथं येतो. कथेला लागून असलेलं जे काही असतं ते बहुतेक वेळा यात. त्यानंतर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची मुंग्यांची रांग सुरू होते. कॉम्प्युटरवर काम केलेली शेकडो-हजारो माणसं, त्यांचे स्वयंपाकी, ड्रायव्हर, हिशेबनीस. पाच-सात मिनिटं तरी ही रांग चालते आणि तिच्या शेपटाला दुसरा तुकडा. तो बऱ्याचदा नुसता विनोद असतो. एसटी या रांगेत चुकते, मधल्या तुकड्यात नाही.

२०१२ च्या 'अव्हेंजर्स'ची माझी फजिती सांगतो. आपल्याकडे तो २७ एप्रिलला लागला, अमेरिकेत ४ मेला. आम्ही आठवडाभर आधी बघितला म्हणून कॉलर ताठ. नावांच्या मधे जांभळ्या तोंडाचा व्हिलन थॅनोस दिसला, मग काळी रांग सुरू झाली, तीही आम्ही चिकाटीनं बघितली आणि शेवटी काहीच नाही. घरी आलो. आठ-दहा दिवसांनी अमेरिकेतल्या चुलतभावाचा फोन आला: "शेवटी सगळे शावर्मा खात बसतात तो सीन कसला भारी!" कसला शावर्मा? माझी खात्रीच पटली की आमच्या टॉकीजच्या ऑपरेटरनं शेपूट कापलं. संशयाला कारणही होतं. माझे मामा जुन्या काळी ऑपरेटर होते, आणि शेवटच्या खेळाला नावं चालू असतानाच मशीन बंद करून घरी कसं जायचं याच्या कथा मी त्यांच्याच तोंडून ऐकलेल्या. त्यात हा ऑपरेटर मामांच्याच हाताखाली शिकलेला. मामांनी जाऊन त्याला झापलं. तो आईची शपथ घेऊन सांगत होता की पार पडदा कोरा होईपर्यंत चालवला म्हणून.

खरं तोच बोलत होता. तो सीन ११ एप्रिलला लॉस एंजेलिसमध्ये पिक्चरचा पहिला खेळ झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी घेतलाय. परदेशात पाठवायच्या प्रती तोवर तयार झालेल्या, म्हणून अमेरिकेच्या आधी जिथं जिथं पिक्चर लागला तिथं तो तुकडा नव्हताच. शूटिंगच्या वेळी कॅप्टन अमेरिका झालेल्या ख्रिस इव्हान्सनं दुसऱ्या पिक्चरसाठी दाढी वाढवली होती, म्हणून तिच्यावर खोटा जबडा चिकटवला. आता बघाल तेव्हा लक्ष द्या, सगळे खातायत आणि हा एकटा तोंडावर हात धरून बसलाय. हे मला वर्षभरानं कळलं. अर्धा किलो कंदी पेढे घेऊन ऑपरेटरकडं गेलो. पुडा घेतला त्यानं, पण म्हणाला, "पेढं ऱ्हाऊ द्या, पुढच्या येळंला समदी नावं वाचून दावा."

तेव्हा पहिल्या दिवशी बघितलं म्हणजे पूर्ण बघितलं असं काही नसतं.

आता मशीन डिजिटल आहे, रीळ नाही. मामांच्या काळी वीस मिनिटांचं एक रीळ, पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका दिसला की दुसरं मशीन चालू करायचं, आणि पेट्या एसटीच्या टपावरून यायच्या. हल्ली जाहिराती, राष्ट्रगीत, पिक्चर, मध्यंतर हे सगळं एका यादीत ओळीनं लावलेलं असतं आणि दिवे कधी लागायचे याची खूणही त्याच यादीत असते. ही खूण नावं सुरू होतात तिथं घातलेली असते. म्हणून दिवे लागले म्हणजे पिक्चर संपला असं समजू नका, पडद्याकडं बघा. झाडूवाला आला तरी बसून राहा. त्याला पुढच्या खेळाआधी पंधरा मिनिटांत सगळे पॉपकॉर्न उचलायचे असतात, तो तुमच्याकडं रागानं बघणारच. आमच्याकडं एका ठिकाणी मशीन खरोखर मधेच बंद केलं होतं. आम्ही सात-आठ जण ओरडलो तर मॅनेजर म्हणाला, "नावं वाचायची होती काय?" नाव घेत नाही, पण पुढे त्यांनी सुधारणा केली.

एक साधी युक्ती सांगतो. सुरुवातीला सेन्सॉरचं सर्टिफिकेट पडद्यावर येतं, त्यावर पिक्चर किती मिनिटांचा आहे ते असतं. ते दिसलं की घड्याळ बघायचं, मध्यंतराची मिनिटं मिळवायची. एवढ्या वाजता संपला पाहिजे हे कळलं की गाडीचा हिशेबही लागतो आणि कोणी शेपूट कापलं तर तेही कळतं.

आणि कधी कधी थांबून हातात काहीच पडत नाही, तीही तयारी ठेवा. २६ एप्रिल २०१९, 'अव्हेंजर्स: एंडगेम'. साताऱ्याचं मतदान २३ तारखेला झालेलं, थिएटरात निम्म्या लोकांच्या बोटावरची शाई अजून तशीच. १८१ मिनिटांचा पिक्चर, वर मध्यंतर. संपल्यावर कुणी उठेना. पोरं रडलेली, कुणाचं नाक वाजतंय, एक आजोबा नातवाला विचारतायत, "आता अजून काय दावत्यात?" नातू म्हणतो, "थांबा आबा, शेवटी असतंय." मुंग्यांची अख्खी रांग आम्ही बघितली. शेवटी काळ्या पडद्यावर फक्त आवाज आला. लोखंडावर हातोडा पडतोय, टण, टण, टण. दिसलं काही नाही. आबा उठले, "लोहार हाय व्हय," म्हणाले आणि चालायला लागले. तो पहिल्या 'आयर्न मॅन'मध्ये गुहेत चिलखत ठोकतानाचा आवाज होता, पण खरं सांगू, आबांचं काही चुकलं नव्हतं.

आता वाराचं. रिवाज शुक्रवारचा, शुक्र-शनि-रवि असा तीन दिवसांचा गल्ला एकदम हाती येतो म्हणून. पण तो काही देवानं घातलेला नियम नाही. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला लोकांसाठी लागला, तो शनिवार होता (आणि बघा, पहिलाच पिक्चर तोही उन्हाळ्यातच!). मधे सुट्टी आली की वार पुढेमागे होतो. २०२५ साली 'थंडरबोल्ट्स' आपल्याकडं १ मेला, महाराष्ट्र दिनाला, म्हणजे गुरुवारीच लागला. अमेरिकेत दुसऱ्या दिवशी. त्याच महिन्यात 'मिशन इम्पॉसिबल'चा शेवटचा भाग आपल्याकडं १७ तारखेला, शनिवारी आला आणि अमेरिकेत थेट २३ ला. तारखा एकच असल्या तरी आपण फार मागे नसतो. शुक्रवारी सकाळी सहाचा खेळ आपण बघत असतो तेव्हा न्यूयॉर्कमध्ये गुरुवारी रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात आणि तिथंही आदल्या रात्रीचे खेळ चालू असतात.

त्यांचा उन्हाळा आणि आपला उन्हाळा मात्र वेगळा, हे लक्षात ठेवा. त्यांचे मोठे पिक्चर मेच्या सुरुवातीपासून पार ऑगस्टपर्यंत येत राहतात. आपली सुट्टी जूनच्या मध्यात संपली. जुलैचा पिक्चर येतो तेव्हा इकडं आषाढ असतो, माउलींची पालखी लोणंद-फलटणवरून गेलेली असते आणि पाऊस असा की पोवई नाक्यावर माणूस दिसत नाही. त्यामुळे एप्रिल-मेचे पिक्चर इथं गर्दीत बघावे लागतात आणि जुलैचे निवांत.

पुण्याचं बुकिंग चार-पाच दिवस आधी उघडतं, आपल्याकडचे खेळ माझ्या अनुभवात बुधवारी रात्री किंवा गुरुवारी दिसायला लागतात. मंगळवारी रिकामं दिसलं म्हणून पिक्चर येणारच नाही असं समजू नका. इंग्रजीतून बघायचा असेल तर वेळ नीट बघून घ्या. हिंदी डबिंगला संध्याकाळच्या चांगल्या वेळा मिळतात, इंग्रजीचा एखादाच खेळ असतो, तो सकाळी नऊला नाहीतर रात्री साडेदहाला, म्हणजे तुमच्या गाडीच्या हिशेबात कुठंच न बसणारा.

पहिला दिवस टाळा म्हणतो त्याला आणखी एक कारण आहे. डिजिटल पिक्चर कुलूपबंद येतो. त्याची किल्ली म्हणजे एक छोटी फाइल, ती वेगळी येते आणि ठरलेल्या वेळेपासूनच चालते. एकदा शुक्रवारी सकाळी आम्ही दोनशे माणसं आत बसलो, पिक्चर मशीनमध्ये, ऑपरेटर मशीनपाशी, आणि किल्ली आली नाही. तासभर मसाल्याची, शीतपेयाची आणि दुसऱ्याच पिक्चरची जाहिरात बघितली. अशा दिवशी पुढचे सगळे खेळ मागे सरकतात, आणि वेळ वाचवायची असली की पहिली कात्री नावांवर बसते.

गावाकडच्या माणसाच्या सोयीनं खेळ लागल्याचं मला एकच आठवतं. 'सैराट'च्या वेळी, २०१६ च्या मेमध्ये, रहिमतपूरला रात्री बाराचा आणि पहाटे तीनचा खेळ लावला होता. तीनचा खेळ सुटला की सकाळची पहिली गाडी! त्या पिक्चरच्या शेवटी तुकडा नव्हता की संगीत नव्हतं, तरी माणसं खिळल्यासारखी बसून होती.

तुमच्यासाठी माझ्या मते सोमवारचा किंवा मंगळवारचा दुपारचा खेळ. तोवर सुरुवातीचा गोंधळ निवळतो, पुढच्या खेळाला गर्दी नसते, झाडूवाला निवांत असतो आणि कोरेगावच्या गाड्या संध्याकाळपर्यंत मिळत राहतात. कोणी आधीच काय ते फोडेल अशी भीती असेल तर शनिवारी सकाळचा पहिला खेळ धरा. आणि मध्यंतरात बाहेर आलात की दारावरच्या माणसाला विचारा, शेवटी काही आहे का म्हणून. तो दिवसातून चार वेळा तोच शेवट बघतो. मागच्या उन्हाळ्यात मी विचारलं तेव्हा त्यानं तिकिटं फाडता फाडता सांगितलं, "पहिल्याला बसा. दुसऱ्यात नुसतं हसत्यात, गाडी असंल तर जावा."