लाल ठिपका म्हणजे धूर नव्हे

प्रश्न : एप्रिलमध्ये गच्चीवर कुरड्या घातल्या की थोड्याच वेळात त्यांच्यावर करडी भुकटी बसते. दुपारी आभाळही मळकट दिसतं. शेजारचा मुलगा मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा दाखवतो आणि म्हणतो, "काकू, उमरेडकडे बघा किती लाल ठिपके! तिकडचाच धूर येतो आपल्याकडे." खरं आहे का हे?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, मुलगा हुशार आहे, पण ठिपक्यालाच धूर समजून बसलाय. लाल ठिपका म्हणजे तेवढ्या चौकोनात आजूबाजूच्या जमिनीपेक्षा बरीच जास्त उष्णता सापडली, एवढंच. सुओमी एनपीपी उपग्रहावरच्या व्हिअर्स उपकरणाचा हा चौकोन ३७५ मीटरचा, तर टेरा आणि अ‍ॅक्वावरच्या जुन्या मोडिसचा १ किलोमीटरचा. आत गव्हाचं धसकट जळत असेल, मोहफुलं वेचणाऱ्यांनी झाडाखालचा पाला पेटवला असेल, नाहीतर पोलादाची भट्टी असेल. ठिपका सगळ्यांचा सारखाच.

धूर बघायचा तर नासाच्या वर्ल्डव्ह्यू संकेतस्थळावर तारीख निवडा, ठिपके बंद करा आणि नुसतं नैसर्गिक रंगाचं चित्र ठेवा. ढग पांढराशुभ्र दिसतो. धूर निळसर-राखाडी, उगमापाशी अरुंद आणि वाऱ्याच्या दिशेनं रुंद होत गेलेला. धूळ पिवळट. अरबी समुद्रावर ती छान उठून दिसते, पण आपल्या उन्हाळ्यातल्या नांगरून पडलेल्या शेतांवर धूळ कुठली नि जमीन कुठली, हे नोकरीभर अशीच चित्रं बघूनही मी पैजेवर सांगणार नाही. तिथे आपला भारताचा इन्सॅट उपग्रह कामी येतो. त्याच्या १०.८ आणि १२ मायक्रॉनच्या दोन अवरक्त पट्ट्यांत मोजलेल्या तापमानांची वजाबाकी करतात. खनिज धूळ दाट असली की उत्तर ऋण येतं.

आता तुमचं उमरेड. ते नागपूरच्या आग्नेयेला आहे, आणि एप्रिलच्या दुपारी आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिमेचा किंवा वायव्येचा. तिथला धूर भिवापूर-नागभीडच्या अंगानं जाणार. उलट्या वाऱ्यानं तो मानेवाड्याला कसा यायचा? नकाशा उघडण्याआधी वारा बघायचा असतो, आणि हेच नेमकं कोणी करत नाही!

वेळेचीही गोम आहे. व्हिअर्स एका जागेवरून साधारण दुपारी दीडला आणि रात्री दीडला जातं. चारला पेटवलेलं आणि सहाला विझलेलं धसकट त्याच्या हिशेबातच नाही. इन्सॅट ३६,००० किलोमीटरवरून सारखा आपल्याकडे बघत असतो, दर अर्ध्या तासाला चित्र देतो. पण उष्णता टिपणारा त्याचा चौकोन सुमारे ४ किलोमीटरचा, एखाददुसऱ्या वावरातला जाळ त्यात हरवतो.

मळकट आभाळाबद्दल मात्र उपग्रह पुष्कळ सांगतो. वर्ल्डव्ह्यूवर एरोसॉलचा, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या बारीक कणांचा, थर लावा. आकडा ०.१ च्या आसपास असेल तर हवा स्वच्छ, १ च्या पुढे गेला तर दाट धुरकट. पण हा आकडा जमिनीपासून वरपर्यंतच्या सगळ्या हवेचा. एप्रिलच्या दुपारी तापलेली हवा धूळ दोन-तीन किलोमीटर उंच नेते. डिसेंबरच्या सकाळी तेवढीच घाण काही शे मीटरांत कोंडते. आकडा तोच, पण खोकला डिसेंबरात जास्त. म्हणून नाकापाशी काय आहे ते जमिनीवरच्या हवा मोजणाऱ्या केंद्राच्या पीएम २.५, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या आकड्यावरूनच कळतं.

राहिली कुरड्यांवरची भुकटी. चिमटीत चोळल्यावर खरखरीत लागत असेल तर ती लांबून आलेली नाही. जड कण लवकर खाली बसतात. बांधकाम, खोदलेला रस्ता, राखेचा उघडा ट्रक, असं काहीतरी जवळपासचं. शेजारच्या मुलाच्या शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर चिमूटभर त्याच्याकडे द्या. काचेच्या मण्यांसारखे गोल कण दिसले तर वीजकेंद्रातली कोळशाची राख. वेडेवाकडे, कोनदार दिसले तर माती किंवा बांधकामाची धूळ. त्यासोबत रोज वारा कुठून होता तेही वहीत लिहा. राखच निघाली, तर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करताना ही वही जोडा.