पळणाऱ्यावर मारलेला दुसरा फवारा

महापे एमआयडीसीतल्या कॉल सेंटरमध्ये काम करणाऱ्या एका ताईंचं पत्र आहे. रात्री घणसोली स्टेशनबाहेर शेअर रिक्षाला उभ्या असताना एकाने त्यांच्या मैत्रिणीचा हात धरून ओढायला सुरुवात केली. ताईंनी पर्समधला पेपर स्प्रे त्याच्या तोंडावर मारला. तो डोळे चोळत पळाला, तर मागे धावत जाऊन पुन्हा मारला. आता त्यानेच तक्रार दिली आणि ताईंना नोटीस आली. "स्प्रे बाळगणं गुन्हा आहे का? आणि मला कुणी हात लावला नसताना मारायचा हक्क होता का?" असं त्या विचारतात.

ताई, हक्क होता. भारतीय न्याय संहितेचं कलम 35 स्वतःच्याच नव्हे, दुसऱ्या कुणाच्याही शरीराचा बचाव करायची मुभा देतं. पहिल्या फवाऱ्याबद्दल मला फारशी काळजी नाही.

स्प्रेला परवानाही लागत नाही. मात्र पोलीस आयुक्त वेळोवेळी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली मनाई आदेश काढतात, त्यात इजा करता येईल अशा वस्तू बाळगायला बंदी असते. त्या रात्री तसा आदेश होता का, ते वकिलांना बघायला सांगा. (याच निमित्ताने कुणी स्टन गन मागवायच्या विचारात असेल तर थांबा, ती शस्त्र कायद्यात अडकू शकते.)

अडचण दुसऱ्या फवाऱ्याची आहे. बचावाचा हक्क धोक्याची भीती असेपर्यंतच टिकतो आणि गरजेपेक्षा जास्त इजा त्यात बसत नाही. पाठ फिरवून पळणाऱ्याला मारलं की तो बचाव नव्हता, सूड होता, असं समोरचा वकील म्हणणारच. कर्नाटक उच्च न्यायालयाने 2024 मध्ये पेपर स्प्रेच्या एका प्रकरणात गुन्हा रद्द करायला नकार दिला होता. स्प्रेला घातक हत्यार मानलं आणि तिथे जिवाला तातडीचा धोका नव्हता असंही म्हटलं. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण पुढे केला जाईल. घातक साधनाने दुखापतीचं न्याय संहितेचं कलम 118(1) लागलं तर शिक्षा तीन वर्षांपर्यंतची आहे.

म्हणून जबाबात एकच गोष्ट नीट सांगा: मागे का धावलात? मैत्रिणीचा मोबाइल त्याच्या हातात होता, तो पुन्हा वळत होता, असं काही घडलं असेल तर स्पष्ट सांगा. नुसता राग असेल तर गोष्ट रचू नका. कॅमेऱ्यात त्याची पाठ दिसली की तुमचा पहिला, खरा बचावही संशयात जाईल. आपण बचावच केला हे दाखवायची जबाबदारी तुमच्यावर आहे.

आजच पोलिसांना आणि समोरच्या दुकानदारांना सीसीटीव्ही रेकॉर्डिंग जपून ठेवण्यासाठी लेखी अर्ज द्या, पोच घ्या. रेकॉर्डिंग थोड्याच दिवसांत पुसलं जातं. स्प्रेची डबी फेकू नका, पोलिसांनी मागितली तर पंचनामा करूनच द्या.

आणि मैत्रिणीने अजून तक्रार का दिली नाही? तिने स्वतः जाऊन न्याय संहितेच्या कलम 74 (विनयभंग) खाली फिर्याद द्यावी. उशीर झाला तरी नोंद होते, फक्त उशिराचं कारण लिहावं. तिच्या फिर्यादीशिवाय कागदावर तुम्ही एकट्याच हल्लेखोर दिसता.

नोटिशीतली तारीख चुकवू नका. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.