ब्रोकर तपासताना आधी दोन टर्मिनल उघडा

एमक्यूटीटी ब्रोकर (सेन्सर आणि उपकरणांचे संदेश एकमेकांकडे पोहोचवणारा मधला सर्व्हर) नवा बसवलाय ना? मग लगेच सेन्सर जोडू नका. मॉस्किटो या ब्रोकरसोबत येणारे ‘सब’ (mosquitto_sub, संदेश ऐकणारा) आणि ‘पब’ (mosquitto_pub, संदेश पाठवणारा) हे दोन छोटे क्लायंट पुरेसे आहेत. एका टर्मिनलमध्ये ‘सब’ आधी चालू करा, मगच दुसऱ्यातून ‘पब’ने संदेश सोडा. क्रम उलटा झाला तर काहीच दिसत नाही, कारण रिटेन न केलेला (‘जपून ठेव’ अशी खूण नसलेला) संदेश ब्रोकर नव्या ऐकणाऱ्यासाठी राखून ठेवत नाही.

सगळे टॉपिक (संदेश ज्या नावाखाली जातात ते विषय) ऐकायला नुसतं # दिलंत, तर शेल (टर्मिनलमधल्या आज्ञा वाचणारा प्रोग्राम) त्याला टिप्पणी समजून गिळून टाकतं आणि ‘सब’ चुकीच्या वापराची तक्रार करतं. एकेरी अवतरणात घाला: '#'. टॉपिकचं नावही दिसावं म्हणून सोबत ‘व्ही’ (-v) पर्याय द्या. सुरुवातीची तिरकी रेघ मोजली जाते: ‘/घर/तापमान’ आणि ‘घर/तापमान’ हे दोन वेगळे टॉपिक. निम्मे घोळ इथेच होतात.

त्याच मशीनवर चालतं, पण दुसऱ्या मशीनवरून कनेक्शन नाकारलं जातं? आवृत्ती 2.0 पासून लिसनर (कुठल्या पोर्टवर ऐकायचं ते सांगणारी ओळ) लिहिला नसेल तर मॉस्किटो फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच मशीनवरून आलेलं, ऐकतो. कॉन्फिग फाइलमध्ये 1883 पोर्टचा लिसनर लिहा, पासवर्ड नसेल तर निनावी प्रवेशाची परवानगीही द्यावी लागते (चाचणीपुरतीच!).

दोन्ही क्लायंटना एकच आयडी देऊ नका. दुसरा जोडला की ब्रोकर पहिल्याला हाकलतो, तो पुन्हा जोडतो, आणि ही खो-खो चालूच राहते.

रिटेन केलेला जुना संदेश सारखा येत असेल, तर त्याच टॉपिकवर रिटेनसह रिकामा संदेश पाठवा.