अर्थची पिन काढली की ॲम्प्लिफायरची घरघर थांबते. तसंच वापरलं तर चालेल का?

नाही चालणार. आधी पिन परत लावा, मग घरघरीचं बघू.

ॲम्प्लिफायरची धातूची बॉडी त्या पिनेतून अर्थला जोडलेली असते. आत ट्रान्सफॉर्मरचं इन्शुलेशन गेलं किंवा फेजची वायर सुटून बॉडीला टेकली, की अर्थमधून मोठा करंट जातो आणि फ्यूज उडतो. पिनच नसेल तर काहीही उडत नाही. बॉडीवर २३० व्होल्ट येऊन बसतात, केबलच्या शिल्डमधून (तारेभोवतीच्या धातूच्या जाळीतून) जोडलेल्या इतर उपकरणांवरही पोचतात, आणि गाणं मात्र व्यवस्थित चालू असतं. वाईट हेच, की हात लागेपर्यंत कळत नाही. (मागे एकात एक दोन चौकोनांचं चिन्ह असेल तर त्या उपकरणाला सुरक्षेसाठी अर्थ लागत नाही. तुमच्याकडे तीन पिना आहेत, म्हणजे लागतो.)

पिन काढल्यावर आवाज थांबला, यावरून हा ग्राउंड लूप आहे हे जवळजवळ नक्की. ॲम्प्लिफायर अर्थला जोडलेला, त्याला जोडलेलं दुसरं काहीतरीही अर्थला जोडलेलं, आणि मधली आरसीए केबल (ऑडिओ सिग्नलची नेहमीची केबल) त्या दोघांची गाठ घालते. दोन अर्थमध्ये किंचित फरक असतोच, म्हणून शिल्डमधून करंट फिरतो. समजा तो २० मिलीॲम्पिअर आहे आणि शिल्डचा रेझिस्टन्स ०.०५ ओहम, तर १ मिलीव्होल्ट थेट सिग्नलमध्ये मिसळतो. सीडी प्लेअरच्या २ व्होल्टपुढे तो किरकोळ, पण टर्नटेबलच्या कार्ट्रिजमधून (रेकॉर्डवर फिरणाऱ्या सुईच्या भागातून) येतात जेमतेम ५ मिलीव्होल्ट. तिथे पाचवा हिस्सा घरघरच झाली.

आता शोध. ॲम्प्लिफायर बंद करून सगळ्या इनपुट केबल काढा आणि चालू करा. तरीही घरघर असेल तर दोष आतला आहे, बहुधा पॉवर सप्लायचे कपॅसिटर. तो दुरुस्तीवाल्याचा विषय. शांत असेल तर एकेक केबल लावत जा, दर वेळी बंद करूनच. टीव्ही लावल्यावर सुरू झाली तर टीव्हीची कोॲक्स केबल (केबल किंवा डिशची गोल वायर) काढून बघा. बऱ्याचदा चोर तिथेच सापडतो. साध्या केबल टीव्हीला कोॲक्स आयसोलेटर (सिग्नल जाऊ देतो, पण अर्थची जोडणी तोडतो) लावला की काम होतं. डिशच्या लाइनमध्ये मात्र तो लावू नका, कारण छतावरच्या एलएनबीला (डिशसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला) वीज त्याच केबलमधून जाते आणि बहुतेक आयसोलेटर ती अडवतात. तिथे टीव्ही ते ॲम्प्लिफायर ऑप्टिकल केबल टाका. तिच्यातून फक्त प्रकाश जातो, त्यामुळे लूपच तुटतो.

लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर वाजवा. आवाज गेला तर ऑडिओ लाइनमध्ये १:१ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (सिग्नल तेवढाच ठेवून दोन्ही बाजूंची विजेची जोडणी तोडणारा) बसवा. अगदी स्वस्तातल्यात बेस पातळ होतो, एवढं लक्षात ठेवा. आणि या सगळ्याआधी फुकटचा उपाय: सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात.

कोणी ‘ऑडिओसाठी जमिनीत वेगळा अर्थिंगचा रॉड ठोका’ म्हणालं तर ऐकू नका. रॉडचा रेझिस्टन्स सहज २० ओहम निघतो. फेज बॉडीला लागली तर २३० भागिले २०, म्हणजे ११.५ ॲम्पिअर. १६ ॲम्पिअरचा एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच) त्याला हूं की चूं करणार नाही, आणि घराच्या अर्थशी नवा लूप तयार होईल तो वेगळाच.