‘शू’ म्हटलं की बूट येतात: जर्मनीत नव्याने गेलेल्या पालकांचे प्रश्न

या वेळी बरीचशी पत्रं लहान मुलं घेऊन जर्मनीत गेलेल्यांची आहेत. उत्तरंही तिथल्यापुरतीच.

प्रश्न: म्युनिकला येऊन दोन महिने झाले. तीन वर्षांच्या मुलाला किटात (इथलं पाळणाघर-बालवाडी) सोडताना तो आकांत करतो. त्याला खेळात गुंतवून मी हळूच निघून येते, तर दुसऱ्या दिवशी तो दारातच पाय रोवून उभा राहतो. माझी नोकरी पुढच्या सोमवारी सुरू होतेय. काय चुकतंय?

उत्तर: हळूच निघून येणं, तेच चुकतंय. आपल्याकडे आज्या-मावश्या हीच युक्ती शिकवतात आणि ओळखीच्या घरात ती खपूनही जाते. किटात मूल त्यातून एवढंच शिकतं, की नजर हटली की आई गायब. मग ते खेळ सोडून तुमच्यावर पहारा ठेवतं.

मुलाला रुळवण्याची तिथे ठरलेली पद्धत आहे, तिला ‘आइनगेव्योनुंग’ म्हणतात. बऱ्याच किटांमध्ये ती ‘बर्लिन पद्धती’वर बेतलेली असते. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा, दोघांपैकी एकानेच, तासभर वर्गात मुलासोबत बसायचं आणि त्याला घेऊनच घरी यायचं. कोपऱ्यातली खुर्ची धरायची, मोबाइल पिशवीत. मूल जवळ आलं तर घ्यायचं, पण आपणहून खेळ मांडून द्यायचा नाही, नाहीतर शिक्षिकेला शिरकावच मिळत नाही. चौथ्या दिवशी निरोप घेऊन खोलीबाहेर पडायचं, पण इमारतीतच थांबायचं. शिक्षिकेपाशी मूल लवकर शांत झालं, तर जास्तीत जास्त 30 मिनिटं. नाही झालं, तर लगेच परत आत, आणि पुढचा प्रयत्न काही दिवसांनी. हा चौथा दिवस सोमवारी येत असेल तर मंगळवारी करा. शनिवार-रविवार घरी काढल्यावर सोमवारी मूल पुन्हा आईला चिकटलेलं असतं.

तुमच्या बाबतीत हे सगळं पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरू करायचं, असं शिक्षिकेला सरळ सांगा. त्यात काही वावगं नाही. चार ते सहा आठवडे हाताशी ठेवा. नोकरीची तारीख पुढे जात नसेल, तर निदान पहिले दोन आठवडे अर्धा दिवस मागून घ्या. निरोपाचं वाक्य रोज एकच असू दे: “जेवण झालं की मी येते.” आणि जेवण झालं की खरंच जा. “पाच वाजता” म्हणजे काय, ते तीन वर्षांच्या मुलाला कळत नाही.

आणखी एक अडचण पटकन लक्षात येत नाही. मूल ‘शू, शू’ म्हणतं आणि शिक्षिका त्याचे बूट घेऊन येते, कारण जर्मनमध्ये ‘शू’ म्हणजे बूट. तोवर चड्डी ओली. घरी आजपासूनच ‘पिपी’ शिकवा, तिथली लहान मुलं तेच म्हणतात. ‘आई’ही जर्मन कानाला ‘आय’, म्हणजे अंडं, असं ऐकू जातं. पाणी, भूक, दुखतंय, नको, आई अशा दहा-पंधरा शब्दांचा कागद जर्मन स्पेलिंगमध्ये, अर्थासह शिक्षिकेला द्या. मूल काही महिने तिथे अवाक्षरही बोललं नाही तरी घाबरू नका. ते ऐकून साठवत असतं. त्यासाठी घरी मराठी बंद करून मोडकंतोडकं जर्मन बोलायला मात्र लागू नका.

प्रश्न: मुलीच्या भारतातल्या लसीच्या कार्डावरून किटा गोवराचा पुरावा मान्य करत नाही. सगळ्या लसी पुन्हा घ्यायच्या का?

उत्तर: नाही. 1 मार्च 2020 पासून तिथे कायद्याने एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला गोवराच्या एका, तर दोन वर्षं पूर्ण झालेल्याला दोन डोसांचा पुरावा द्यावा लागतो. त्याशिवाय किटात प्रवेश नाही. आपल्या सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाचा पहिला डोस 9 महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा 16 ते 24 महिन्यांत असतो, म्हणजे डोस बहुधा झालेले असतात. अडतं ते अक्षरावर आणि शिक्क्यावर. भारतातल्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर लसीचं नाव, तारीख, सही आणि शिक्का असं इंग्रजीत लिहून घ्या. मूळ कार्डासह ते तिथल्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा, ते पिवळ्या लसपुस्तिकेत नोंदी करून देतात. दंडावरचा बीसीजीचा व्रणही दाखवून ठेवा. जर्मनीत 1998 पासून ती लस सुचवली जात नाही, आणि ती घेतलेल्या मुलाची क्षयरोगाची त्वचा-चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते.

प्रश्न: किटाने ‘माचहोजं’ आणायला सांगितली आहे. साधा रेनकोट चालणार नाही का?

उत्तर: नाही चालणार, कारण मुलं पावसातही बाहेर जातात आणि चिखलात फतकल मारून बसतात. ही खांद्यावर पट्टे असलेली रबरी विजार. तिचे पाय गमबुटाच्या आत खोचायचे नाहीत. बाहेरून सोडायचे आणि खालचा रबरी पट्टा तळव्याखालून घ्यायचा. आत खोचलं की सगळं पाणी बुटात. आत जाड कपडे मावतील असं माप घ्या. लांब मफलर नको, घसरगुंडीत अडकून फास बसू शकतो; गळ्यातून घालायची गोल पट्टी घ्या. डबा गरम करून मिळेलच असं नाही, तेव्हा पोह्यांपेक्षा धिरडं किंवा पोळीची गुंडाळी बरी. शेंगदाण्याचं कूट टाळा, ॲलर्जीमुळे अनेक किटांमध्ये त्याला बंदी असते.

प्रश्न: बाळाचा टॅक्स क्रमांक दोन महिने झाले तरी आला नाही, त्यामुळे ‘किंडरगेल्ड’चा (मुलांसाठी सरकारकडून मिळणाऱ्या मासिक भत्त्याचा) अर्ज अडला आहे.

उत्तर: आधी खाली जाऊन पत्रपेटी बघा. तिथे फ्लॅटला नंबर नसतो, पोस्टमन नाव वाचून पत्र टाकतो. पेटीवर नवऱ्याचं आडनाव आणि बाळाच्या पासपोर्टवर दुसरंच काही असेल, तर पत्र परत जातं. कुटुंबातली सगळी आडनावं लावा आणि केंद्रीय कर कार्यालयाकडे क्रमांक पुन्हा मागवा. अर्ज रखडवू नका: रक्कम 2026 पासून दरमहा 259 युरो आहे, पण मागची थकबाकी फक्त सहाच महिन्यांची मिळते.

प्रश्न: मुलगा सप्टेंबरात पहिलीत जाईल. दिवाळीला तीन आठवडे पुण्याला न्यायचं आहे.

उत्तर: किटात असेपर्यंत जमत होतं, आता नाही. शाळा सक्तीची आहे. सणासाठी एखाद्या दिवसाची रजा लेखी अर्जावर मिळू शकते. सुट्टी वाढवण्यासाठी मिळत नाही, आणि परवानगीशिवाय नेलं तर दंड होतो. म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियात तर सुट्ट्यांच्या तोंडावर पोलीस विमानतळावर शाळकरी मुलांची चौकशी करतात. तिकीट काढण्याआधी आपल्या राज्याच्या शरद सुट्टीच्या तारखा बघा, त्या राज्यागणिक वेगळ्या असतात. तीन आठवडे हवेच असतील तर गणपतीसाठी उन्हाळी सुट्टी जुळते का, ते पाहा. बव्हेरियात ती सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालते.