पाचवा कोर्स घेऊ नका

पत्र: मी नाशिकला सातपूरच्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. मुलगी अकरावी सायन्सला आहे. जेईई करायची नाही, गेमसाठी थ्रीडी कॅरेक्टर बनवायला शिकायचंय, असं तिने सांगितलं. आम्ही विरोध केला नाही. मी स्वतः शोध घेऊन डिजिटल स्कल्प्टिंग (स्क्रीनवर मातीसारखं शिल्प घडवणं) आणि मॉडेलिंगच्या 11 कोर्सची एक्सेल शीट केली, ती सोबत जोडली आहे. त्यातले 4 विकत घेतले. रोज रात्री 9 ते 11 ही वेळ ठरवून दिली. 61 टक्के व्हिडिओ पूर्ण झालेत, पण आता ती टाळाटाळ करते. ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर फुकटचं म्हणून ते मी बंद करायला लावलं. कंपन्यांत झीब्रश आणि माया ही विकतची सॉफ्टवेअर लागतात. ती मात्र आईच्या टॅबवर नोमॅड नावाच्या अ‍ॅपमध्ये शेजारच्या बोक्याचं डोकं बनवत बसते. पाचवा कोर्स कोणता घ्यावा? तिला खरंच आवड आहे का? बारावीनंतर साडेतीन लाखांचा डिप्लोमा करावा का?
— एक वडील, नाशिक

उत्तर: नमस्कार.

तुमच्या पत्रात तासांचा हिशेब आहे, पैशांचा आहे, टक्क्यांचा आहे. मुलीने काय बनवलं याचा उल्लेख मात्र एकदाच येतो, आणि तोही तक्रार म्हणून. सगळ्या पत्रात मला सर्वांत आशादायक ओळ तीच वाटली. तीच तुम्ही वेळ वाया जात असल्याचा पुरावा म्हणून लिहिली आहे, आणि मला काळजी वाटली ती इथेच.

मुलीने जेईई नको म्हटल्यावर तुम्ही ऐकलंत. हे सोपं नसतं, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण जेईई गेली तरी जेईईचं वेळापत्रक घरात तसंच राहिलंय. पोर्शन, टार्गेट, रोजची हजेरी, पूर्ण झालेला टक्का. आधी ते क्लासवाले विचारणार होते, आता वडील विचारतात. दिवसभर कॉलेज करून आलेली सोळा-सतरा वर्षांची मुलगी रात्री 9 वाजता पुन्हा कुणाचं तरी शिकवणं बघत बसते आणि 11 वाजता आकडा दाखवते. अशा दिनक्रमात जी गोष्ट तिने स्वतः निवडली होती, तीच नकोशी होऊ लागते. तुम्हाला दिसणारी टाळाटाळ मला तरी आवडीचा अभाव वाटत नाही. ती तुमचे कोर्स टाळून स्कल्प्टिंग करते आहे.

जरा त्या बोक्याकडे बघू. नर बोक्याचे गाल मांजरीपेक्षा रुंद असतात, मान जाड असते. कानांची मुळं डोक्यावर नेमकी कुठून निघतात, हे निरखल्याशिवाय कळत नाही. नुसतं ‘मांजर’ मनात धरून काम केलं तर कार्टून होतं. तिने समोरच्या एका ठरावीक बोक्याचं डोकं करायला घेतलंय, म्हणजे ती बघायला शिकते आहे. कुणी सांगितलेलं नसताना, टॅबवर, बोटाने. आज रात्री तिला ते दाखवायला सांगा. फिरवून सगळ्या बाजूंनी बघा, हनुवटीखालून, मागून. ‘हा भाग असा का केलास?’ एवढंच विचारा. गुण देऊ नका, आणि ‘छान आहे, पण कोर्सचं काय?’ हे तर अजिबात म्हणू नका.

‘61 टक्के पूर्ण’ याचा अर्थ तेवढे व्हिडिओ चालून संपले, इतकाच. डोकं घडवण्याचा वीस तासांचा व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला तरी हाताने काही केलेलं नसतं. माझं मत असं, की या विषयात एक तास पाहिलं तर त्यावर तीन तास काम व्हायला हवं. तसं केलं तर तुम्ही घेतलेले चार कोर्स तिला कॉलेज सांभाळून वर्षभर पुरून उरतील. पाचव्याला जागाच नाही.

आता ब्लेंडर. फुकट म्हणजे कच्चं, हा समज मला शिकलेल्या घरांतच जास्त दिसतो. ब्लेंडर फुकट आहे ते त्याची किंमत शून्य म्हणून नव्हे. 2002 मध्ये ते बनवणारी कंपनी बंद पडली, तेव्हा वापरणाऱ्यांनी वर्गणी काढून सात आठवड्यांत एक लाख युरो जमवले आणि त्याचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला करून घेतला. 2025 मध्ये सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्कर मिळवणारा लॅटव्हियाचा ‘फ्लो’ ब्लेंडरमध्येच तयार झाला. त्याचा नायकही एक मांजर आहे, हे तुमच्या लेकीला सांगा. तुमच्या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. कॅरेक्टर स्कल्प्टिंगमध्ये झीब्रशचा दबदबा आजही आहे, आणि मोठ्या स्टुडिओंत माया रुळलेलं आहे. पण मातीचा थर चढवल्यासारखा क्ले ब्रश, आकार ओढण्याचा ब्रश, गुळगुळीत करण्याचा, घडी पाडण्याचा, हे सगळीकडे तेच. आकार ओढताना ताणली गेलेली पृष्ठभागाची जाळी पुन्हा एकसारखी विणण्याचं काम झीब्रशमध्ये डायनामेश करतं, साधारण तेच ब्लेंडरमध्ये रीमेश करतं. हात आणि नजर तयार असेल तर दुसरं सॉफ्टवेअर नंतर शिकता येतं. नजर तयार नसेल तर झीब्रशची वर्गणी भरून काही होत नाही. मायासाठी तर आत्ता खर्च करायचं कारणच नाही. ते बनवणारी ऑटोडेस्क कंपनी विद्यार्थ्यांना एकेका वर्षाचा मोफत शैक्षणिक परवाना देते. ब्लेंडरवरची बंदी आजच उठवा.

एक्सेल शीटमधल्या 11 नावांत आणखी एक घोळ आहे. गाडी, बंदूक, फर्निचर यांचं काटेकोर कडांचं मॉडेलिंग, आणि चेहरा, शरीर, प्राणी यांचं स्कल्प्टिंग, हे दोन्ही तुम्ही एकाच रांगेत बसवलंय. विकत घेतलेल्या चारपैकी दोन कोर्स तर गाड्या आणि शस्त्रांचे आहेत. तिला कॅरेक्टर करायचीत. ते दोन सध्या बाजूला ठेवा. उरलेल्या दोनपैकी एक तिने निवडावा, तुम्ही नाही, आणि तो संपेपर्यंत दुसरा उघडू नये.

निवडताना काय बघायचं, ते आता तिलाच सांगतो. हा भाग तिला वाचायला द्या.

आधी धडा कोणत्या आवृत्तीवर आहे ते बघ. जुलै 2019 मध्ये ब्लेंडर 2.80 आलं आणि त्याचा चेहरामोहराच बदलला. त्याआधीचे धडे बघताना बटणं सापडत नाहीत आणि नवशिक्याला वाटतं की आपल्यालाच जमत नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातले ब्लेंडरचे धडे प्रामाणिकपणे केलेले आहेत, पण ते याहूनही जुन्या आवृत्तीचे, म्हणून आत्ता तुझ्या उपयोगाचे नाहीत. मग शिकवणारा सुरुवात कशाने करतो ते बघ. पहिल्याच धड्यात त्वचेची रंध्रं आणि सुरकुत्या असतील तर तो धडा सोड. आधी मोठा आकार: कवटी, जबडा, मान कोणत्या कोनात आहे. मग मधले आकार: गाल, पापण्या, नाकपुड्या. बारीक काम सगळ्यात शेवटी. नवशिके इथेच चुकतात. मेश, म्हणजे आकाराची जाळी, लवकर सबडिव्हाइड करतात, म्हणजे तिचे आणखी बारीक तुकडे पाडतात, लाखो पॉलिगॉन (जाळीतले छोटे चौकोन) होतात, आणि मग मोठा आकार हलवायला गेलं की सगळीकडे ढेकळं दिसतात. चांगला शिक्षक तुला बराच वेळ कमी पॉलिगॉनवर आणि चार-पाच ब्रशवर अडवून ठेवतो. तो चुकतो, ती चूक व्हिडिओत ठेवतो, आणि कशी सुधारली ते दाखवतो. वेग वाढवलेले ‘एका तासात राक्षस’ व्हिडिओ बघायला मजा येते, जरूर बघ, पण तो अभ्यास नव्हे.

सुरुवातीला यूट्यूबवरचे ग्रँट अ‍ॅबिट यांचे ब्लेंडरचे मोफत धडे पुरेत. ते सावकाश आणि नवशिक्यांना धरूनच शिकवतात. पुढे झीब्रशकडे वळलीस तर मायकेल पावलोविच यांचे धडेही यूट्यूबवर मोफत आहेत. नोमॅड सोडू नको. प्रत्येक धडा संपला की तीच पद्धत वापरून धड्यात नसलेलं काहीतरी कर: तो बोका, आजी, वर्गातला कुणी. शिक्षकाचं डोकं हुबेहूब उतरवणं हा सराव झाला. स्वतःचं डोकं घडवताना कुठे अडतेस, ते खरं कळतं. गेमसाठी पुढे रीटोपॉलॉजी शिकावी लागेल. लाखो पॉलिगॉनचं शिल्प गेममध्ये तसंच चालत नाही, म्हणून त्यावर हलकी जाळी बसवतात (हीच रीटोपॉलॉजी) आणि बारकावे नॉर्मल मॅपमधून, म्हणजे उंचसखलपणाचा भास देणाऱ्या चित्रातून, आणतात. सहा-आठ डोकी झाल्याशिवाय त्यात शिरू नको.

आणि स्क्रीनपासून लांब जा. तू नाशिकची आहेस. पांडवलेण्यांवर वही घेऊन जा. तिसऱ्या लेण्याच्या दर्शनी भागात तुळया तोलून धरणारे सहा धिप्पाड यक्ष आहेत, जमिनीतून अर्धे वर आलेले. वजन खांद्यावर कसं पडतं, छाती आणि दंड त्याला कसे उत्तर देतात, हे त्यांच्यासमोर बसून काढ. फोटोवरून नको, हलत्या उन्हात आकार कसा वळतो ते तिथेच दिसतं. सासवण्याला नानासाहेब करमरकरांचं शिल्पसंग्रहालय आहे, कधी अलिबागकडे गेलात तर तेही चुकवू नको. घरी शाडूचा एक गोळा ठेव.

पुन्हा वडिलांकडे. खर्च करायचाच असेल तर साधा, लहान पेन टॅबलेट, म्हणजे कॉम्प्युटरला जोडून पेनाने काम करायची पाटी, घ्या. माऊसने स्कल्प्टिंग करणं हा हातावर अन्याय आहे. रात्री 9 ते 11 चा नियम काढून टाका, कोर्सचा पासवर्ड तिच्या हाती द्या आणि टक्का बघणं थांबवा. महिन्यातून एकदा तिने एक पूर्ण केलेली गोष्ट तुम्हाला दाखवावी, एवढंच ठरवा.

नोकरीबद्दल स्पष्ट बोलतो, कारण तुमच्या घाईच्या मुळाशी तीच भीती असावी. गेमची कामं भारतात होतात. पुण्यात युबिसॉफ्ट या मोठ्या गेम कंपनीचा स्टुडिओ आहे. पण 2023 पासून जगभर गेम कंपन्यांनी मोठी नोकरकपात केली, आणि नवख्यांसाठी दार अरुंद झालंय. अशा वेळी अठराव्या वर्षी ‘जॉब रेडी’ करण्याचा आटापिटा तिच्या उपयोगाचा नाही. पदवीची चार वर्षं आणि त्या काळात साठत गेलेलं स्वतःचं काम उपयोगाचं आहे.

म्हणून डिप्लोमा आत्ता नको. बारावीनंतर जे. जे.सारख्या कला महाविद्यालयांसाठी राज्याची एएसी सीईटी, आणि डिझाइनसाठी आयआयटींची यूसीड व एनआयडीची (राष्ट्रीय डिझाइन संस्थेची) डॅट, या तिन्ही प्रवेश परीक्षांकडे बघा. तिन्हींना चित्रकला लागते, आणि तिचा सराव स्कल्प्टिंगलाही उपयोगी पडतो.

तरीही त्या डिप्लोमाच्या संस्थेत चौकशीला जाणार असाल तर मुलीला सोबत न्या आणि तिला बोलू द्या. गेल्या बॅचच्या सगळ्या विद्यार्थ्यांचं काम दाखवा म्हणा. भिंतीवर लावलेलं निवडक नको. कॅरेक्टर कोण शिकवतं, त्याने स्वतः कुठे काम केलंय, त्याचा पोर्टफोलिओ कुठे बघता येईल, हे विचारा. मध्येच सोडावं लागलं तर फी किती परत मिळते, ते लेखी घ्या. यातल्या एकाही प्रश्नाला ‘आधी सीट बुक करा’ असं उत्तर आलं, तर तिथून उठा.